सरकारने शंका घेतलीय, तुम्हीपण घ्या

तुम्ही मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर डाळिंबीची उसळ कशी करायची ते विचारता ना, त्या चॅटच्या अगदी वर एका पट्टीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, तुम्ही दोघं सोडून कोणी वाचू शकत नाही, व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा नाही. तुम्ही ते आजवर वाचलेलं नाही. सरकारनं वाचलं, आणि तेव्हापासून सरकारला झोप नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही? आम्हीपण नाही?

आता हे असं थेट विचारणं बरं दिसत नाही, म्हणून जगभरची सरकारं ते जरा सभ्य भाषेत सांगतात, की बाजारात फुकट मिळणारं हे एन्क्रिप्शन कितपत भरवशाचं आहे याबद्दल आम्हाला शंका वाटते. किती ती काळजी! तुमच्या मावशीचा मसाला शत्रूच्या हाती पडू नये म्हणून दिल्लीत, लंडनला, वॉशिंग्टनला माणसं जागी आहेत. अशा वेळी चांगल्या नागरिकानं काय करावं? त्यानंही शंका घ्यावी. कशावर घ्यायची, किती घ्यायची आणि मुख्य म्हणजे कोणावर अजिबात घ्यायची नाही ते सांगतो, नीट वाचा.

सुरुवात उघड्या मालापासून करा. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये, फोनमध्ये, वायफायमध्ये एन्क्रिप्शनची जी पद्धत बसलीय तिचं नाव एईएस. १९९७ साली अमेरिकेच्या निस्ट नावाच्या सरकारी संस्थेनं जगाला सांगितलं की नवीन पद्धत पाहिजे, ज्याला जमेल त्यानं पाठवा. १५ उमेदवार शर्यतीत उतरले, मग जगभरचे गणिती काही वर्षं एकमेकांच्या पद्धती फोडत बसले, आणि शेवटी डेमन आणि रायमेन या दोन बेल्जियन माणसांची पद्धत २००१ मध्ये पक्की झाली. सगळं उघड्यावर, कोणीही उतरवून घ्या, कोणीही चुका काढा. आता तुम्हीच सांगा, जी गोष्ट दोन दशकांहून जास्त काळ जगातली सगळी हुशार डोकी फोडायला बसलीत आणि तरी फुटत नाही, तिच्यावर शहाण्या माणसानं विश्वास कसा ठेवावा? त्यापेक्षा बंद खोलीत चार साहेबांनी बनवलेली पद्धत बघा, तिच्यात आजवर बाहेरच्या एकालाही चूक सापडलेली नाही. दाखवलीच नाही तर सापडणार कशी, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुमची शंका चुकीच्या दिशेला चाललीय, आवरा. केरखॉफ्स म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूला कळली तरी बिघडता कामा नये, गुपित काय ते किल्लीत असावं. पण ते फार जुनं झालं हो.

आणि हो, याच एईएसमध्ये अमेरिकन सरकारनं २००३ पासून स्वतःची टॉप सीक्रेट माहिती ठेवायला परवानगी दिलीय. ते स्वतः धोका पत्करतायत, मोठं मन आहे त्यांचं. तुम्ही पत्करू नये एवढंच म्हणणं आहे.

आपल्याकडे बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायचे, आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळायचा. सरकारचं म्हणणं तसं साधंच आहे, की तुमच्या या रुमालाला कुठेतरी बारीक भोक असलं तर? त्यापेक्षा आम्ही देतो तो वापरा. मलमलचा आहे.

हा मलमलचा रुमाल किती पातळ असावा याचा हिशेब बिटमध्ये करतात, म्हणजे किल्लीच्या लांबीवर, बिट जितके कमी तितकी किल्ली शोधायला सोपी. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एन्क्रिप्शनची गणना चक्क युद्धसामग्रीत व्हायची, म्हणजे रणगाडा, तोफ आणि तुमचा ईमेल एकाच यादीत. फिल झिमरमन या माणसानं १९९१ मध्ये पीजीपी नावाचं ईमेल एन्क्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर लोकांना वाटलं, ते इंटरनेटवरून देशाबाहेर गेलं, तर त्याच्यामागे तीन वर्षं चौकशी लागली होती, १९९६ मध्ये ती एकदाची बंद झाली. मधल्या काळात त्या पठ्ठ्यानं सगळा कोड छापून पुस्तक काढलं, कारण सॉफ्टवेअर बाहेर पाठवणं गुन्हा पण पुस्तक पाठवायला बंदी नाही! मग परदेशी गिऱ्हाइकाला काय मिळायचं, तर ४० बिटची किल्ली. ४० बिट म्हणजे साधारण १.१ लाख कोटी शक्यता, ऐकायला केंद्राच्या बजेटसारखं भारी वाटतं, पण जानेवारी १९९७ मध्ये बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग नावाच्या विद्यार्थ्यानं युनिव्हर्सिटीतले अडीचशेएक कॉम्प्युटर कामाला लावून अशी किल्ली साडेतीन तासांत शोधून काढली. तेव्हा ५६ बिट म्हणजे एकदम मजबूत असं अधिकारी सांगत होते, तर पुढच्याच वर्षी ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी भांडणाऱ्या संस्थेनं अडीच लाख डॉलरच्या आत एक मशीन बनवून ५६ तासांत तेही फोडून दाखवलं. बिटला एक तास, हिशेबाला सोपं.

पण तुम्ही भारतीय, तुम्हाला आपला हिशेब पाहिजे. तर आपल्या टेलिकॉम खात्यानं इंटरनेट कंपन्यांच्या लायसन्समध्ये वर्षानुवर्षं अट ठेवली होती की ४० बिटपर्यंत बिनधास्त वापरा, त्यावर जायचं तर परवानगी काढा आणि किल्लीचे दोन तुकडे करून खात्याकडे जमा करा. हे एकीकडे. दुसरीकडे रिझर्व्ह बँकेनं २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी सांगितलं की किमान १२८ बिट पाहिजे. म्हणजे आरबीआयचं ऐकलं की टेलिकॉम खातं रागावणार, टेलिकॉम खात्याचं ऐकलं की आरबीआय. माझा सल्ला असा की आदर्श नागरिकानं नेट बँकिंग करायच्या आधी प्रत्येक वेळी किल्लीचे दोन तुकडे करून संचार भवनाला रजिस्टर पोस्टानं पाठवायला हवे होते, पोचपावती जपून ठेवायला हवी होती. तुम्ही पाठवले नाहीत, मीही नाही, कोणीच नाही, आणि लायसन्सवाल्यांनी कधी विचारलंही नाही, यालाच आपण व्यवस्था म्हणतो.

इथे एक गोष्ट मात्र सरळ सांगायला हवी की सरकारची शंका कधीकधी शंभर टक्के खरी असते. १९९९ च्या सुरुवातीला आपल्या डीआरडीओनं अमेरिकेत बनलेल्या नेटवर्क सिक्युरिटी सॉफ्टवेअरबद्दल रेड अलर्ट दिला होता, की यावर विसंबू नका. बरोबरच होतं! दोनच वर्षं आधी स्वीडनमध्ये बोंबाबोंब झाली होती. तिथले खासदार, टॅक्सवाले सगळे लोटस नोट्स हे ईमेलचं अमेरिकन सॉफ्टवेअर वापरत होते, ६४ बिटची मजबूत किल्ली म्हणून खूश होते, आणि मग कळलं की बाहेरदेशी विकलेल्या कॉपीत त्या ६४ पैकी २४ बिट प्रत्येक मेसेजसोबत अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्याला वाचता येतील असे बांधून दिलेले असतात. राहिले किती? ४०. परत साडेतीन तास. नंतर कोणीतरी ते सॉफ्टवेअर उकलून पाहिलं तर त्यातल्या एनएसएच्या किल्लीवर मालकाचं नाव होतं 'बिग ब्रदर', म्हणजे ऑर्वेलच्या '१९८४' कादंबरीतला सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा. मी काही जोडत नाहीये, खरंच होतं. सरकारी खात्यात विनोदबुद्धी नसते म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

तेव्हा नियम लक्षात ठेवा, बाजारातलं एन्क्रिप्शन भरवशाचं नाही असं सरकार म्हणालं तर आधी मान हलवा, मग हळूच विचारा की साहेब, कोणत्या सरकारनं बिघडवलंय. विचारताना स्वर नम्र ठेवा.

यावर तोडगा म्हणून सरकारी माल घ्यावा असं अमेरिकेनं १९९३ मध्ये सुचवलं होतं. क्लिपर चिप. फोनमध्ये बसवायची, आतली पद्धत गुप्त, आणि प्रत्येक चिपची किल्ली अर्धी निस्टकडे अर्धी अर्थखात्याकडे ठेवायची, पोलिसांनी रीतसर कागद आणला की दोन्ही अर्ध्या जोडून ऐकायचं. फारच सोयीचं, फक्त गिऱ्हाईक मिळेना. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकानं दाखवून दिलं की चिपमध्ये सरकारसाठी जो खिडकीचा भाग होता त्याची तपासणी अवघ्या १६ बिटांची होती, सरासरी पाऊण तासाच्या आत खोटी खिडकी बसवता येत होती, म्हणजे सरकारचंच एन्क्रिप्शन वापरायचं आणि सरकारलाच बाहेर ठेवायचं. दोन-तीन वर्षांत सगळा प्रकार गुंडाळला गेला. मला वाईट वाटलं, कल्पना सुंदर होती.

पण खरा आदर्श हवा असेल तर स्वित्झर्लंडकडे बघा. क्रिप्टो एजी ही तिथली कंपनी, त्सुग गावातली, सरकारांना गुप्त संदेशाची मशीनं विकायची. स्विस माल, तटस्थ देश, घड्याळासारखी अचूक वस्तू, मग घेणार नाही कोण? १२० हून जास्त देश गिऱ्हाईक होते. इराण होता, लॅटिन अमेरिकेतली लष्करी सरकारं होती, भारत होता आणि पाकिस्तानही होता, म्हणजे ज्या दोघांचं कशावरच एकमत होत नाही त्यांचं या एका दुकानावर झालं होतं. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये वॉशिंग्टन पोस्ट आणि जर्मन चॅनल झेडडीएफनं बातमी फोडली की १९७० पासून हे दुकान सीआयए आणि जर्मनीच्या बीएनडी या दोन हेरसंस्थांच्या मालकीचं होतं. मशीनमध्येच फट. जर्मन १९९३ मध्ये बाहेर पडले, अमेरिकन २०१८ पर्यंत गल्ल्यावर बसून होते. म्हणजे बघा, आपली सरकारं आपल्या नागरिकांच्या एन्क्रिप्शनवर शंका घेत होती आणि स्वतः मात्र पैसे मोजून, पावती घेऊन, आपली गुपितं सीआयएकडे जमा करत होती. सीआयएच्या आतल्या इतिहासात या कामगिरीला शतकातला सर्वात मोठा हेरगिरीचा डाव म्हटलंय, आणि खर्च गिऱ्हाइकानं केलेला. त्यांच्या एका सेल्समनला इराणनं १९९२ मध्ये पकडलं, बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, नऊ महिने आत काढले, कंपनीनं दहा लाख डॉलर भरून सोडवला आणि घरी आल्यावर नोकरीवरून काढून तेच पैसे त्याच्याकडे परत मागितले. आपल्याकडच्या एचआरवाल्यांनी यातून काही शिकू नये ही विनंती.

याच चालीवर अमेरिकेत निस्टनं २००६ मध्ये किल्ल्या बनवायला लागणारे रँडम आकडे काढायची एक पद्धत स्टँडर्ड म्हणून दिली, पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या दोघांनी भर परिषदेत दाखवलं की यात मागचा दरवाजा असू शकतो, लोकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, मग २०१३ मध्ये एनएसएची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनची कागदपत्रं आली, आरएसए कंपनीला ती पद्धत डिफॉल्ट ठेवण्यासाठी एनएसएकडून एक कोटी डॉलर मिळाले अशी रॉयटर्सची बातमी आली, कंपनीनं आपण जाणूनबुजून काही केलं नाही असं सांगितलं, आणि २०१४ मध्ये निस्टनं स्टँडर्ड मागे घेतलं. सरकारी शिक्का असला तरी शंका घ्यायची की नाही? नाही. ती परवानगी तुम्हाला नाहीये, आधीच सांगितलं.

आता आपल्या मातीतला सर्वोत्तम प्रयोग, सप्टेंबर २०१५. केंद्रानं राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. त्यात होतं की कुठली पद्धत आणि किती लांबीची किल्ली वापरायची ते सरकार ठरवेल, आणि नागरिकानं एन्क्रिप्ट करून जे काही पाठवलं असेल त्याची साधी, वाचता येईल अशी कॉपी ९० दिवस जपून ठेवायची आणि पोलिसांनी मागितली की द्यायची. ९० दिवस! लोक उगाच चिडले. मी म्हणतो करून तर बघायचं होतं, एक दोनशे पानी वही घ्यायची, समास आखायचा, डाव्या बाजूला 'निघालास का', उजव्या बाजूला 'हो रस्त्यात आहे', खाली कंसात खरी परिस्थिती, म्हणजे अजून आंघोळ झालेली नाही. इन्स्पेक्टर साहेब दारात आले की चहा ठेवायचा आणि वही पुढे करायची. गुड मॉर्निंगच्या गुलाबाची फुलं रंगीत पेन्सिलीनं काढली असती तर दहावीच्या चित्रकलेचे मार्कही मिळाले असते. बरं, फोनमध्ये ९० दिवसांचं सगळं उघडं पडून राहिलं असतं, ते चोरानं नेलं तर काय, हे मसुद्यात नव्हतं. चोर हा विषय वेगळ्या खात्याकडे येतो.

पण देशात गदारोळ झाला. मग एका दिवसात पुरवणी निघाली की व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, ट्विटर आणि बँकेचे व्यवहार यातून वगळले आहेत, म्हणजे लोक जे वापरतात ते सोडून बाकी सगळ्याला लागू, आणि २२ सप्टेंबरला मंत्री रविशंकर प्रसाद यांनी मसुदाच मागे घेतला, हे सरकारचं अंतिम मत नव्हे म्हणून सांगितलं. वह्या पडून राहिल्या.

त्यानंतर सरकार शहाणं झालं, किल्ली मागणं सोडलं आणि पत्ता मागायला लागलं. याच्यामागे एक खरं दुःख आहे, त्याची चेष्टा करणार नाही. १ जुलै २०१८ ला धुळ्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं, सोलापूरकडचे भिक्षेकरी लोक होते ते, आणि अफवा फिरत होती व्हॉट्सअ‍ॅपवर. अशा घटना तेव्हा देशभर झाल्या. सरकारनं मग म्हटलं की अफवेचा मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते आम्हाला कळलं पाहिजे, आणि फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत ५० लाखांपेक्षा जास्त युजर असलेल्या मेसेजिंग कंपन्यांना तसं बंधन घातलं. पण त्या अफवा काही गुपचूप नव्हत्या हो, शेकडो ग्रुपवर राजरोस फिरत होत्या, थांबवायच्या तर गावात जाऊन सांगणारा पोलीस वेळेवर पाहिजे होता. आणि मजकूर कॉपी करून दुसऱ्या नंबरवरून टाकला की 'पहिला' माणूस बदलतो, हे आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलाही माहितीय. एकाला शोधायचं म्हणून कोट्यवधी लोकांच्या प्रत्येक मेसेजला शेपूट बांधायची, असं ते आहे. व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली हायकोर्टात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगून टाकलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलंत तर आम्ही भारतातून निघतो. मावशी टेन्शनमध्ये.

मग आदर्श नागरिकानं कुठलं अ‍ॅप वापरावं? मे २०२३ मध्ये केंद्रानं १४ अ‍ॅप बंद केली, अतिरेकी वापरतात म्हणून, त्यात ब्रायर आणि एलिमेंटही होती ज्यांचा कोड सगळा जगासमोर उघडा आहे, म्हणजे ती नकोत. एप्रिल २०२० मध्ये गृहखात्यानं झूम सुरक्षित नाही म्हणून सांगितलं, झूम नको. सरकारी बाबूंनी गोपनीय कामासाठी व्हॉट्सअ‍ॅप वापरू नये अशाही सूचना निघाल्या. लष्करानं स्वतःसाठी 'साई' नावाचं अ‍ॅप बनवलं, एनआयसी या सरकारी कॉम्प्युटर संस्थेनं 'संदेस' बनवलं, आणि साईची जाहिरात करताना सरकारनं अभिमानानं काय सांगितलं असेल? की यात एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. वा. म्हणजे वस्तू चांगलीच आहे, फक्त मावशीच्या हातात धोक्याची आहे. याउलट २०२५ मध्ये स्वदेशीच्या लाटेत मंत्र्यांनी अरट्टई अ‍ॅप घ्या म्हणून सांगितलं, लाखो लोकांनी घेतलं, आणि त्यात तेव्हा कॉलला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन होतं, साध्या मेसेजला नव्हतं. तुमच्या शंकेला इथे अर्थातच जागा नाही.

ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टर्नबुल यांनी २०१७ मध्ये वादच संपवला होता, म्हणाले गणिताचे नियम छान आहेत पण ऑस्ट्रेलियात नियम फक्त ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचा चालतो. गणितानं अजून अपील केलेलं नाही.

अमेरिकेचं मात्र २०२४ च्या शेवटी जरा अवघड झालं. टेलिफोन कंपन्यांनी पोलिसांना फोन ऐकता यावेत म्हणून कायद्यानं जी सोय करून ठेवलेली आहे, त्याच सोयीपर्यंत चिनी हॅकर जाऊन पोचले, सॉल्ट टायफून नावानं ते प्रकरण गाजलं. मग सरकारच्याच सायबर सुरक्षा खात्यानं मोठ्या पदावरच्या लोकांना सूचना काढली की बाबांनो, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेली अ‍ॅपच वापरा. तीस वर्षं ज्याच्यावर शंका घेतली ते एका पत्रकात भरवशाचं झालं.

आणि त्यांच्या मंत्र्यांनी ते मनावर घेतलं की! मार्च २०२५ मध्ये येमेनवर हल्ला करायचा होता, तर संरक्षणमंत्री, उपराष्ट्राध्यक्ष, सुरक्षा सल्लागार अशा बड्या मंडळींचा सिग्नलवर ग्रुप, जे सिग्नल तुम्हाआम्हाला प्ले स्टोअरवर फुकट मिळतं, आणि विमानं किती वाजता उडणार तेसुद्धा तिथेच. एन्क्रिप्शननं काम चोख केलं, वाटेत कोणी काही फोडलं नाही. फक्त सुरक्षा सल्लागारांच्या फोनवरून ग्रुपमध्ये 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग अ‍ॅड झाले होते, हे वेगळे गोल्डबर्ग, साडेतीन तासवाले नव्हेत, यांना काहीच फोडावं लागलं नाही. तेव्हा तुमचं काही हल्ल्याबिल्ल्याचं प्लॅनिंग असेल तर ग्रुपवर टाकायच्या आधी मेंबर लिस्ट एकदा वरपासून खालपर्यंत बघून घ्या, सोसायटीच्या ग्रुपवर तर बघाच, चारशे दोनचा भाडेकरू घर सोडून गेला तरी ग्रुपमध्ये अजून आहे.